पाटाची झाली पाटी!

आजीच्या देवघराजवळ एक सागवानी पाट असायचा. खालची एक आडवी पट्टी निखळली आणि तो माळ्यावर गेला. यंदा साफसफाईत आई तो भंगारात देणार, इतक्यात मी म्हटलं, "थांब, याची दारावरची पाटी करते." आजी एवढंच म्हणाली, "कर, पण जपून गं. तुझे आजोबा रोज याच पाटावर जेवायला बसायचे."

झालं! आता पाट एकच आणि चुकायला जागा नाही. म्हणून या वेळी सदरात तेच सांगते: रोटरी टूलला राउटरची जोडणी लावून लाकडात सुबक अक्षरं कशी कोरायची, आणि मी कुठे चुकले.

जोडणी कशासाठी?

रोटरी टूल म्हणजे पेनासारखं हातात धरायचं छोटं यंत्र. ते मिनिटाला साधारण 5,000 ते 35,000 फेरे घेतं. पण नुसतं हातात धरून कोरायला गेलात, तर खाच कुठे उथळ, कुठे खोल होते आणि बिट लाकडाच्या रेषांच्या मागे पळतं. राउटरची जोडणी म्हणजे टूलखाली लावायची सपाट बैठक. ती टूल उभं सरळ धरते आणि खोली कायम ठेवते. दिशा मात्र तुमच्याच हातात असते.

विकत घेण्याआधी

- जोडणीचे आटे तुमच्या टूलवर बसतात का, ते दुकानातच पाहा. एका कंपनीची जोडणी दुसरीच्या टूलवर बसेलच असं नाही.
- रोटरी टूलला बहुधा 3.2 मिमी दांड्याचं बिट लागतं. मोठ्या राउटरची 6 मिमीची बिट स्वस्त मिळाली तरी इथे उपयोगाची नाहीत.
- सुरुवातीला दोन बिट पुरतात: खाच पाडायला सरळ बिट आणि मागे टांगण्याची खाच करायला की-होल बिट.

शिरोरेखा आधी

मला पाटीवर 'सावली' हे घराचं नाव हवं होतं. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून कार्बन पेपरने ते पाटावर उतरवलं. पण पहिला प्रयोग केला पाइनच्या तुकड्यावर. शिरोरेखा सापासारखी वळली! अक्षरांची गोलाई जरा हलली तरी खपते, पण शिरोरेखा वाकडी झाली की सगळा शब्दच तिरका दिसतो.

उपाय सोपा आहे. शिरोरेखेच्या वरच्या बाजूला, म्हणजे आपल्यापासून पलीकडे, एक सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळा. बिटच्या मध्यापासून बैठकीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि पट्टी रेषेपासून तेवढीच लांब ठेवा. मग बैठक पट्टीला टेकवून टूल डावीकडून उजवीकडे न्या, लिहितो तसंच. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. त्यामुळे या दिशेने जाताना टूल आपोआप पट्टीकडे ओढलं जातं आणि रेष सरळ येते. उलट दिशेने गेलात तर ते पट्टीपासून दूर पळेल.

शिरोरेखा झाली की पट्टी काढा आणि बाकीचं अक्षर दोन्ही हातांनी टूल धरून हळूहळू कोरा.

एका वेळी एक मिलिमीटर

रोटरी टूलची मोटर छोटी असते. तिला एका दमात खोल कापायला लावू नका. मला 3 मिमी खोल अक्षरं हवी होती, म्हणून प्रत्येक रेघेवरून तीनदा जायचं, दर वेळी 1 मिमी. आवाज जड झाला, तर तुम्ही जास्त दाबताय किंवा खोल जाताय. लाकूड काळं पडलं, तर एका जागी रेंगाळताय किंवा बिटची धार गेली आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी शेवटच्या वेलांटीपाशी अंधार पडायला लागला आणि मी खोली एकदम 3 मिमीवर नेली. टूलने हिसका दिला आणि वेलांटीच्या पुढे एक ओरखडा उमटला. नेमका आजोबांच्या पाटावर! मी टूल बंद केलं आणि त्या दिवशी परत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच लाकडाचा बारीक भुसा सुताराच्या गोंदात कालवून ओरखड्यात भरला. वाळल्यावर रेषांच्या दिशेने आधी 120, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. लांबून कळत नाही, जवळून कळतं.

मागची बाजू

जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात. मागून लोहचुंबक फिरवला तेव्हा निखळलेल्या पट्टीच्या जागी एक मोडका खिळा सापडला. बिट त्यावर आदळलं असतं तर तुटून उडालं असतं.

की-होल खाच मात्र टप्प्याटप्प्याने करता येत नाही, कारण बिटचं डोकं मानेपेक्षा रुंद असतं. आधी अरुंद सरळ बिटने थोडं लाकूड काढून टाका. मग की-होल बिट पूर्ण खोलीवर उतरवा, पुढे न्या, त्याच वाटेने मागे आणा आणि सुरुवातीच्या भोकातूनच वर काढा.

हे विसरू नका

- डोळ्यांना गॉगल, नाकाला एन-95 मास्क. लाकडाची धूळ फुप्फुसांना घातक असते.
- हातमोजे, ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. फिरत्या बिटमध्ये अडकतात.
- बिट बदलण्याआधी प्लग काढा.
- लाकूड हाताने धरू नका, क्लॅम्प लावा.
- फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचाही विचार करा!

मशीन मोठ्यांनीच चालवावं. अक्षर उतरवणं, घासणं, रंग भरणं मुलांना द्या. आमच्या पाटीत रंग माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने भरला.

पाटी दारावर लागली तेव्हा आजीने चष्मा पुसला आणि अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. वेलांटीच्या पुढे बोट थांबलं.

"इथे घाई केलीस."

"हो."

"असू दे," ती म्हणाली, "पाट घरातच राहिला."