कॉलेजच्या खानावळीचा इतिहास कोण लिहिणार?

२० मार्च आला की चवदार तळ्यावर भीमसागर लोटतो. पाण्याच्या संगराची आठवण निघते, आणि ती निघालीच पाहिजे. पण १९२७ साली त्याच दिवशी महाडात अन्नावरही हल्ला झाला होता, हे किती वक्ते सांगतात? अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी कंडी पिकवून सनातनी गुंड परिषदेच्या मंडपात शिरले, जेवणाऱ्या प्रतिनिधींना झोडपले आणि अन्न मातीत मिसळले. त्या परिषदेला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी मालच नाकारला. शिधा बाहेरून आणावा लागला.

त्याच महाडात १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने बाबासाहेबांच्या नावाचे कॉलेज काढले. कॉलेजांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत प्राचार्यांची यादी असते, इमारतीची कोनशिला असते, निकालाचे टक्के असतात. मुले जेवत कुठे होती, हे नसते. आमच्या मते महाडच्या कॉलेजचा खरा इतिहास तिथूनच सुरू व्हायला हवा.

याला कारण आहे. पुण्या-मुंबईच्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांनी वार लावून, माधुकरी मागून शिक्षण घेतले, याच्या कथा मराठी आत्मचरित्रांत मानाने छापल्या गेल्या आहेत. कष्ट खरे होते, ते आम्ही नाकारत नाही. पण वार लावायला सात घरांचे दरवाजे उघडे असावे लागतात! महाराच्या, चांभाराच्या पोराला सोमवारचे ताट कोण वाढणार होते? खुद्द बाबासाहेबांना एल्फिन्स्टन कॉलेजातला ब्राह्मण हॉटेलवाला चहाच काय, पाणीही देत नसे. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली स्थापन होताच वसतिगृहाचा विचार केला आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला ते सुरूही केले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ सालीच अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले होते. शाळेचा दरवाजा उघडला तरी पोटाची सोय नसेल तर मूल चार दिवसांत घरी परतते, हे या दोघांनीही ओळखले होते.

आता पोलादपूरकडे पाहा. तिथे कॉलेज निघण्याआधी डोंगरातल्या वाड्यांतून मॅट्रिक झालेल्या मुलाला महाडच गाठावे लागे. रोज घरून येणे ज्याला जमत नसे, त्याने काय केले? एसटीच्या कंडक्टरकडे सोपवलेल्या डब्यातली नाचणीची भाकरी संध्याकाळपर्यंत पुरवली? चौघांनी खोली घेऊन स्टोव्हवर भात लावला? बौद्धवाडीतल्या कुणा मावशीने आपल्या लेकरांबरोबर त्यालाही वाढले? की पैसे मोजून खानावळीत जेवला, आणि तिथे त्याला आडनाव विचारले गेले? अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. उपाहारगृहातली भांडी आणि शिक्षणसंस्थांची वसतिगृहे त्याच्या कक्षेत होती. पण १९६५ साली महाडच्या बाजारपेठेत ताट कसे वाढले जात होते, हे सरकारी कागदात सापडणार नाही. ते त्या ताटावर बसलेलाच सांगेल.

आणि सांगणारे आता थकले आहेत. पहिल्या तुकडीतली मुले आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. कागदाचे म्हणाल, तर सावित्री नदीला दया नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, त्याच पावसात तळीयेत आणि पोलादपूरच्या साखर सुतारवाडीत दरड कोसळली. पत्र्याच्या पेटीत जपलेली मेसची वही, वाण्याच्या उधारीचे खाते, मुंबईच्या गिरणीतून बापाने पाठवलेल्या मनीऑर्डरीची पावती अशा पुरात किती टिकणार?

हा उद्योग केवळ आठवणींचा नाही. २०१६-१७ पासून स्वाधार योजनेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात भोजन भत्ता जमा होतो. आदिवासी वसतिगृहांतही २०१८ साली मेसऐवजी रोख रक्कम आली, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे उशिरा आले म्हणून भूक थांबत नाही. सामुदायिक स्वयंपाकघर की खात्यातली रक्कम, हा वाद मंत्रालयात बसून सोडवला जातो. महाडसारख्या गावात साठ वर्षांत मुलांनी कसे पोट भरले, कोण अर्धपोटी राहिला आणि कोणी त्यापायी कॉलेज सोडले, याची नोंद हाती असती तर आमची पोरे मोर्च्यात रिकाम्या हाताने गेली नसती.

कॉलेजच्या इतिहास आणि मराठी विभागांनी हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी आणि मुंबईतल्या पोलादपूर-महाडच्या मंडळांनी जुन्या विद्यार्थ्यांची नावे काढून द्यावीत. केवळ साहेब झालेल्यांनाच विचारू नये. दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून कंपनीत लागलेल्यालाही विचारावे. स्वयंपाक करणाऱ्या बायांना तर सर्वांत आधी विचारावे, कारण त्यांच्याकडे आजवर कुणीच फिरकलेले नाही. महाड-पोलादपूरच्या वाचकांनी आपापली हकिगत आमच्याकडे जरूर पाठवावी. लिहिताना साल, महिन्याचा दर आणि ताट वाढणाऱ्या बाईचे नाव विसरू नये.