जातीचा दाखला आणि दिलेला शब्द

ज्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत आहे, त्या घरांत 'व्हिसा', 'ग्रीन कार्ड' आणि 'वकिलाची फी' हे शब्द आतां आजीबाईंच्याही तोंडीं रुळले आहेत. परक्या देशांत राहण्याचा व तेथील नागरिक होण्याचा हक्क मिळवून देणें, हा आज वकिलीचा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं हेंच काम करणारे एक वकील आपल्यांतलेच होते, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आपल्यासारख्या घरांनीं विचार करण्याजोगें तींत कांहीं आहे.

सखाराम गणेश पंडित हें त्यांचें नांव. नांवाची ठेवण महाराष्ट्रीय, जन्म अहमदाबादचा, कुळ ब्राह्मणाचें. १९०६ सालीं ते अमेरिकेंत गेले व प्रारंभीं हिंदु तत्त्वज्ञानावर व्याख्यानें देऊं लागले. १९१४ सालीं लॉस एंजेलिस येथील न्यायालयानें, सरकारी अधिकाऱ्याची हरकत ऐकून घेऊन व ती फेटाळून, त्यांस नागरिक करून घेतलें. १९१७ सालीं त्यांस कॅलिफोर्नियांत वकिलीची सनद मिळाली. नागरिक नसलेल्यास ती सनद त्या काळीं मिळत नसे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेचा १७९० सालचा कायदा परकीयांपैकीं केवळ 'स्वतंत्र गोऱ्या' मनुष्यास नागरिक होऊं देत असे. १८७० सालीं आफ्रिकी वंशाच्या लोकांस तो हक्क मिळाला. मग हिंदुस्थानांतून गेलेला मनुष्य गोरा कीं काय? कोणी न्यायाधीश होय म्हणे, कोणी नाहीं. या घोळांतून आपल्या देशबांधवांस वाट काढून देणें, हेंच पंडितांच्या वकिलीचें मुख्य काम झालें.

भगतसिंग थिंद या पंजाबी शीख गृहस्थांचा खटला त्यांतूनच निघाला. पहिल्या महायुद्धांत थिंद अमेरिकेच्या सैन्यांत होते. खालच्या न्यायालयानें दिलेल्या त्यांच्या नागरिकत्वाविरुद्ध सरकार वर गेलें व प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत आलें. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत पंडित होते. 'गोरा' म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, असें त्याच न्यायालयानें ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यांत १९२२ सालीं म्हटलें होतें. तेव्हां वंशशास्त्राचे ग्रंथ पुढें करून, आपला पक्षकार आर्य आहे, उच्चवर्णीय आहे, असें मांडण्यांत आलें. इतकेंच नव्हे, तर विवाहसंबंधाच्या दृष्टीनें उच्चवर्णीय हिंदु आपल्या देशांतील मूळ रहिवाशांकडे तसाच पाहतो, जसा अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो, असेंही कैफियतींत लिहिलें गेलें.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायालयानें एकमतानें हा दावा फेटाळला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मलेले होते. 'गोरा' या शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञांना नव्हे, सामान्य माणसाला विचारावयाचा, असें त्यांनीं ठरविलें.

निकाल अन्यायाचाच होता, यांत शंका नाहीं. पण त्या कैफियतीचें काय? माणसांस उतरंडीनें लावणें मूळांतच चुकीचें आहे असें तींत म्हटलें नव्हतें. त्या उतरंडींत आमची जागा वरची आहे, एवढेंच म्हटलें होतें. उतरंड लावणाऱ्यानें आपल्यास खालीं ठेवलें, तेव्हां उत्तरादाखल हातांत कांहींच उरलें नाहीं.

पुढें सरकारनें, ज्यांस पूर्वीं नागरिक केलें होतें त्यांचेंही नागरिकत्व परत घेण्यास आरंभ केला. सॅन फ्रान्सिस्कोंत दुकान चालविणारे वैष्णोदास बगई यांचें नागरिकत्व असेंच गेलें आणि १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. पंडितांवरही सरकारनें फिर्याद लावली. आतां वकील तेच व प्रतिवादीही तेच.

या वेळीं मात्र त्यांनीं भर दिला तो निराळ्याच गोष्टीवर. तुमच्या न्यायालयानें मला नागरिक केलें. त्या शब्दावर विसंबून मी वकिली पत्करली, घर केलें, १९२० सालीं अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला आणि हिंदुस्थानांतील वडिलार्जित मिळकतींतल्या वाट्यावर उदक सोडलें. आज तुम्हीं शब्द फिरविलात, तर माझी सनद जाईल, माझी पत्नीही आपल्याच देशांत परकी ठरेल, आणि परत जाण्यास मला घर उरणार नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस वाट्यावर उदक सोडणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

मिताक्षरेंत प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'प्राङ्न्याय' हा एक आहे: या वादाचा निकाल पूर्वींच लागलेला आहे, तो पुन्हा उकरतां येत नाहीं. १९१४ सालीं सरकारनें हरकत घेऊन पाहिली, ती चालली नाहीं, आणि सरकारनें अपीलही केलें नाहीं. मग आतां तक्रार कसली? खालच्या न्यायालयानें पंडितांच्या बाजूनें निकाल दिला, १९२६ सालीं अपील-न्यायालयानें तो कायम केला, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण हातीं घेण्यास नकार दिला. तेव्हां सरकारनें इतर हिंदी लोकांवरच्या उरलेल्या फिर्यादीही सोडून दिल्या. एका माणसाच्या चिकाटीनें अनेक घरें वांचलीं. सर्वच हिंदी लोकांस नागरिक होण्याची वाट पुढें १९४६ सालच्या कायद्यानें मोकळी झाली. त्या कायद्यानें वर्षाकाठीं शंभर जणांस प्रवेशही दिला.

एकाच वकिलाचे हे दोन खटले आम्हांस शेजारीं शेजारीं ठेवावेसे वाटतात. कुळाचा दाखला हरला. दिलेल्या शब्दाचा दाखला जिंकला. आपलीं मुलें परदेशीं जातात, तेव्हां तेथील लोकांनीं रंग व वंश न पाहतां त्यांस कायद्याप्रमाणें वागवावें, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. परंतु आपल्या माडीवरची खोली भाड्यानें द्यावयाची असली, म्हणजे आपण पहिला प्रश्न कोणता विचारतों? कागद पाहतों, कीं आडनांव? मुलाच्या पत्राची वाट पाहतांना प्रत्येक घरानें हें एकदां स्वतःस विचारून पाहावें.