गॅस संपत नाही, निसटतो

चैत्र लागला की देशभरातल्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "एसीचा गॅस संपलाय, भरून टाकू." या वाक्यावर विश्वास ठेवून मी सलग दोन उन्हाळे पैसे मोजले. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केली आहे आणि प्रयोगशाळेतल्या निर्वात कक्षांच्या गळत्या शोधण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत, हे सांगताना आज संकोच वाटतो. तिसऱ्या उन्हाळ्यात, अहमदाबादच्या रणरणत्या दुपारी, एका वयस्क मेकॅनिकने गाडीचे बॉनेट उघडले आणि गेज जोडण्याआधीच मला विचारले, "बेन, मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे हे टिपण त्याच प्रश्नाविषयी आहे.

पेट्रोल जळते, म्हणून संपते. एसीमधला गॅस जळत नाही. तो एका बंद नळीमार्गात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो, पुढे एका अरुंद झडपेतून सुटताना त्याचा दाब कोसळतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून पुन्हा वायू होतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या केबिनमधल्या हवेतून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हे प्रशीतक असते. सामान्य वातावरणीय दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते. या चक्रात कुठेही ते खर्ची पडत नाही. म्हणजे ते कमी झाले असेल, तर कुठून तरी बाहेर पडले आहे. दुसरी शक्यताच नाही.

रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून अगदी किंचित झिरपणे अपरिहार्य असते, हे मान्य. पण किंचित म्हणजे किती? युरोपीय संघाच्या २००६ सालच्या निर्देशात एका कूलिंग कॉइलच्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅमची कमाल मर्यादा घातली होती. साडेचारशे ग्रॅम प्रशीतक असलेल्या गाडीने एवढेही गमावले, तरी तिला दर उन्हाळ्यात गॅस मागण्याचे कारण नाही. ज्या गाडीला दरवर्षी गॅस लागतो, तिला भोक आहे.

आता मी दोनदा कशी फसले, ते सांगते. कारण त्यामागे एक सुंदर आणि सोपे भौतिकशास्त्र दडलेले आहे. दोन्ही वेळा इंजिन बंद असताना गेज लावून मला काटा दाखवण्यात आला : "बघा, प्रेशर कमी आहे." दुसऱ्या वेळी भरून झाल्यावर पुन्हा काटा दाखवला : "आता बरोबर." मी मान डोलावली.

वस्तुतः बंद नळीमार्गात द्रव आणि वायू एकत्र नांदत असतील, तर तिथला दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४एचा निरपेक्ष दाब ३० अंशांना सुमारे ७.७ बार असतो, ४० अंशांना सुमारे १०.२ बार. आत दोनशे ग्रॅम असो वा साडेचारशे, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर काटा तिथेच थांबणार. आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर हेच करतो. तो जवळजवळ रिकामा होईपर्यंत शेगडीची ज्योत तशीच राहते. म्हणून तर आपण तो हलवून किंवा उचलून पाहतो. वजनच खरे सांगते, दाब सांगत नाही. तेव्हा बंद गाडीला गेज लावून गॅस किती आहे हे सांगणारा मेकॅनिक प्रत्यक्षात त्या दुपारचे तापमान मोजत असतो. काटा खरोखरच फार खाली असेल, तर द्रव पूर्ण संपला एवढेच कळते. इंजिन चालू असतानाचे दोन्ही बाजूंचे दाब अधिक बोलके असतात. पण तेही बाहेरचे ऊन, हवेतली आर्द्रता आणि कंडेन्सरवरून वाहणारा वारा यांनुसार बदलतात. त्यांवरून दोषाचा अंदाज येतो, ग्रॅम कळत नाहीत.

म्हणून योग्य पद्धत अशी : आतला उरलेला गॅस यंत्राने काढून त्याचे वजन करायचे, गळती शोधून दुरुस्त करायची, मग निर्वात पंप लावायचा आणि शेवटी कंपनीने ठरवून दिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. हा आकडा बहुधा बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. अंदाजाने जास्त भरले, तरी थंडावा वाढत नाही. कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, दाब चढतो आणि एसी उलट मंदावतो.

यातल्या निर्वात पंपाचेही काम नीट समजून घ्यावे. तो हवा काढतो आणि पाणीही काढतो. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार टक्के असतो. आतला दाब त्याखाली गेला की नळ्यांत शिरलेला ओलावा खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर निघतो. तो राहिला, तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी आणि प्रशीतकाशी मिळून आम्ले तयार होतात, ती धातू खातात आणि पुढल्या गळतीची बीजे पेरतात. गॅस नुसता वरून भरणाऱ्या गॅरेजात ही पायरी होतच नाही.

अनेक ठिकाणी याच पंपाने गळतीची परीक्षाही उरकतात. दहा मिनिटे काटा हलला नाही, की 'लीक नाही' असा निर्वाळा मिळतो. इथेही भौतिकशास्त्र आडवे येते. निर्वात अवस्थेत भिंतीवरचा दाबफरक जेमतेम १ बार असतो आणि तोही बाहेरून आत. एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला तोच फरक १२ ते १८ बारपर्यंत जातो आणि आतून बाहेर असतो. आत ओढल्यावर मिटणारी फट बाहेर ढकलल्यावर उघडू शकते. म्हणून कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचा फेस लावणे ही जुनी रीत आजही प्रामाणिक आहे. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरने हे करू नये, कारण तिच्याबरोबर ओलावा आत जातो. ऑक्सिजन तर कधीच वापरू नये; तेलाशी गाठ पडली की स्फोटाचा धोका असतो.

माझ्या गाडीतून वर्षाकाठी साधारण २०० ग्रॅम प्रशीतक जात होते. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. वायुरूपात मोजले तर तासाला सुमारे साडेपाच मिलिलिटर. साबणाच्या फेसात एवढी गळती म्हणजे दर दहा सेकंदांना साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढा एक बुडबुडा. धीर धरून पाहणाऱ्याला तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. प्रयोगशाळेत हेलियम वापरून आम्ही याच्या दहा लाखांश गळत्या सहज पकडतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाच्या ज्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये वातावरणाच्या लाख-कोटीव्या भागाएवढा दाब राखावा लागणार आहे. असे स्वप्न पाहणाऱ्या देशात दहा सेकंदांना एक बुडबुडा सोडणारे भोक शोधायला कोणी थांबत नाही, ही विसंगती मला बोचते.

तो वयस्क मेकॅनिक थांबला. त्याने आधी हात लावला नाही, फक्त पाहिले. प्रशीतकाबरोबर तेलही फिरत असते, म्हणून जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तसाच एक काळपट डाग होता. त्याने अतिनील प्रकाशात चमकणारा रंग आत सोडला, एसी चालू ठेवला आणि थोड्या वेळाने दिवा धरला. डागाच्या मध्यभागी हिरवट-पिवळा ठिपका उजळला. कधीतरी महामार्गावर उडालेल्या खड्याची ती खूण. कंडेन्सर बदलला, सांध्यांच्या ओ-रिंग बदलल्या, तेल भरले, निर्वात केले, वजन करून गॅस भरला. त्या दिवसापासून आजवर तो काटा पुन्हा पाहण्याची वेळ आलेली नाही.

'एवढ्याशा गॅसचे काय ते?' असे कोणी म्हणेल. तर हिशेब करू. आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही, पण शंभर वर्षांच्या मापाने त्याचा एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० ग्रॅमइतकी उष्णता अडवतो. साडेचारशे ग्रॅम म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे एका गाडीतला सगळा गॅस हवेत सोडणे हे २८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी तेवढ्यात श्रीनगरहून कन्याकुमारी गाठेल आणि वर काहीशे किलोमीटर जाईल.

भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला औपचारिक मान्यता दिली. तिच्यानुसार २०२८ मध्ये या कुळातल्या वायूंचा वापर गोठवायचा आहे, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. हा निर्णय मला मनापासून न्याय्य वाटतो. उन्हात होरपळत देश ओढणाऱ्या चालकांना तो फार आधी मिळायला हवा होता. पण खड्ड्यांतून आणि खडीतून धावणाऱ्या या ट्रकांचे कंडेन्सर उद्या गळू लागतील, तेव्हा त्यांच्या वाट्याला कोणते गॅरेज येणार आहे? शोधणारे की नुसते भरणारे?

माझे मत स्पष्ट आहे. गळती न शोधता गॅस भरणे कायद्यानेच थांबवावे. युरोपीय संघाच्या त्याच निर्देशात हा नियम आहे : प्रशीतक असाधारण प्रमाणात गळाले असेल, तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ते पुन्हा भरायचे नाही. अशी शिस्त आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत पोहोचलेली मला तरी दिसलेली नाही. आणि बिलावर 'गॅस भरला' असे न लिहिता किती ग्रॅम निघाला, किती भरला आणि गळती कुठे होती, हे लिहिणे बंधनकारक असावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या टॅक्सीचालकाला हंगामापुरता गॅस परवडतो. कूलिंग कॉइल गळत असेल तर पुरा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि तो खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो. हे खरे आहे. पण प्रत्येक गळती कॉइलमध्येच नसते. कित्येकदा ती एका ओ-रिंगमध्ये किंवा गॅस भरायच्या तोंडावरच्या इवल्याशा व्हॉल्व्हमध्ये असते आणि तिची किंमत गॅसच्या किमतीपुढे नगण्य असते. शोध घेतल्याशिवाय हे कळणार कसे? शिवाय कमी प्रशीतकावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरकडे तेल नीट परतत नाही आणि एके दिवशी तो जाम होतो. तो खर्च मात्र गरिबालाच गाठतो.

दोष एकट्या मेकॅनिकचाही नाही. तासभर साबणाचा फेस न्याहाळण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. भरलेला गॅस डोळ्यांना दिसतो, निदान दिसत नाही. म्हणून आपण पहिल्याचे पैसे देतो आणि दुसऱ्यासाठी घासाघीस करतो. त्या अहमदाबादच्या मेकॅनिकने शोधण्याची मजुरी वेगळी सांगितली, तेव्हा क्षणभर माझ्याही कपाळाला आठी पडली होती. आमच्या प्रयोगशाळेत याच कामासाठी संशोधकाला पगार मिळतो, हे मला तेव्हा आठवले नाही.

विद्यार्थी मित्रहो, बाष्पदाबाचा आलेख तुम्ही परीक्षेसाठी काढला असेल. या उन्हाळ्यात घरची गाडी गॅरेजात जाईल, तेव्हा तिच्याबरोबर जा. गेज लावताना इंजिन चालू आहे की बंद, ते पाहा. गॅस वजन करून भरणार का, ते विचारा. आणि कोणी 'गॅस संपला' म्हणाले, तर अगदी नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा : गेला कुठून?