पाहणाऱ्याचा हात आणि पात्राचें नशीब

माहितीपट म्हटला कीं प्रेक्षकानें अंधारांत मुकाट्यानें बसावें व पडद्यावर येईल तें पाहावें, असा जुना रिवाज. परस्परसंवादी माहितीपटानें तो मोडला. हा संगणकावर पाहावयाचा असतो. कोठें जावें, कोणापाशीं थांबावें, कोणतें दृश्य उघडावें, हें पाहणाराच ठरवितो. ही मोकळीक पाहून आमच्या तरुण वाचकांस वाटेल कीं, जितक्या वाटा अधिक तितकी कृति सरस. मला हें मत चुकीचें वाटतें. आणि तें कां, हें एका अस्वलिणीच्या उदाहरणानें सांगतों.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें २०१२ सालीं 'बेअर ७१' ही कृति प्रसिद्ध केली. लिॲन ॲलिसन व जेरेमी मेंडिस हे तिचे कर्ते. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानांतील एक ग्रिझ्ली जातीची अस्वलीण तीन वर्षांची असतां पकडण्यांत आली; गुंगीचें औषध देऊन तिच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा अडकविला व ७१ हा क्रमांक हेंच तिचें नांव झालें. २००१ पासून २००९ पर्यंत तिच्यावर पाळत होती. रानांत ठिकठिकाणीं लाविलेले कॅमेरे, जवळून कोणी गेलें कीं, आपोआप छायाचित्र टिपीत. या चित्रांतून उभी राहिलेली सुमारें वीस मिनिटांची ही कहाणी अस्वलीण स्वतःच्या तोंडानें सांगते.

मूळ रचनेंत पडद्यावर त्या खोऱ्याचा नकाशा पसरलेला असे. पाहणाऱ्यानें त्यावर हवें तिकडे भटकावें. एखाद्या प्राण्याच्या खुणेवर टिचकी मारली कीं कॅमेऱ्यानें टिपलेलें दृश्य उघडे. पाहणाराही त्या नकाशावर एक क्रमांक होऊनच वावरे, आणि आपल्या संगणकाचा कॅमेरा त्यानें चालूं केला तर त्याचीहि छबी त्याच पाळतींत दिसे! परंतु आपण कोठेंहि भटकत असलों तरी तिचा आवाज थांबत नसे. शेवटीं २००९ सालीं ती रुळांवर आगगाडीखालीं सांपडून मेली. इतक्या वाटा ठेविल्या, पण तिला वांचविण्याची कळ मात्र कोठेंच ठेविली नाहीं. पहिल्यानें पाहतांना मी ती कळ शोधीत होतों, हें कबूल करतों.

ती सांपडली नाहीं, हेंच योग्य झालें असें आज वाटतें. ती अस्वलीण खरोखर जगली व मेली. टिचकीसरशीं तिला जिवंत करणें म्हणजे तिच्या आयुष्याचा खेळ मांडणें होय. कोठें उभें राहून पाहावें एवढेंच आपल्या हातीं असावें.

याच मंडळाची, कॅटरीना सिझेक यांनीं २०१० मध्यें केलेली 'आउट माय विंडो' निराळ्या घडणीची आहे. तींत १३ शहरांतील उंच इमारतींच्या रहिवाश्यांच्या ४९ कथा आहेत. आपलें बंगळूरहि त्यांत आहे. तेथें पाहुण्यासारखें या घरांतून त्या घरांत जावें. विषयच इमारत असल्यामुळें तेथें हें शोभतें. मात्र दुसऱ्या दिवशीं मला आठवलीं तीं दोन-तीनच माणसें, ज्यांच्या खिडकीशीं मी अधिक वेळ थांबलों होतों.

अस्वलिणीला बोलतां येत नाहीं. तिचे शब्द जे. बी. मॅकिनन या लेखकानें लिहिले, हा आक्षेप खरा आहे. अस्वलीण तक्रार करावयास येणार नाहीं, माणूस येईल. म्हणून ज्या विद्यार्थ्यास आपल्या आजीवर असें कांहीं करावयाचें असेल, त्यानें संगणक नंतर उघडावा. आधीं तिच्यापाशीं बसून तिला तिच्या क्रमानें सांगूं द्यावें, मध्यें प्रश्न थोडे करावे. मग नकाशा कागदावर काढून तिलाच दाखवावा, आणि ज्या खोलीचें दार ती बंद ठेव म्हणेल, तेथें खूणच करूं नये. मग तें दृश्य कितीहि सुरेख उतरलेलें असो.