रोगाचे नाव आणि रोगाचे कारण

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात, बल्लभगढ हे जुने नगर आहे. त्याच्या परिसरातील २८ खेड्यांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची एक मोठी पाहणी झाली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा तीस आधार होता आणि अमेरिकेतील संशोधकांचे सहकार्य होते. ५५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुष तपासावयाचे होते. परंतु त्यांतील बहुसंख्य निरक्षर. पाश्चात्त्य कसोटीत रोग्याला एक वाक्य लिहावयास सांगतात. ज्याने जन्मात लेखणी धरली नाही, त्याचा मेंदू तेवढ्यावरून रोगट ठरवावयाचा काय? संशोधकांनी हिंदीत निराळी कसोटी रचली. ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’, ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’, अशा सूचना तीत घातल्या. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा १.३६ इतकेच आढळले.

पुढे २०१७ ते २०२० या काळात, याच संस्थेच्या सहभागाने, देशभरातील ६० वर्षांवरील चार हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. तीवरून काढलेले प्रमाण शेकडा ७.४ आले. एवढ्यावरून रोग पाचपट वाढला, असे कोणी समजू नये. वयोमर्यादा निराळी, प्रदेश निराळा, आणि ‘रोगी’ कोणास म्हणावयाचे हे ठरविण्याची रीतही निराळी. खरी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे.

मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांना नावे पडली ती बाह्य लक्षणांवरून. जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा त्यातील काही रोगी त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले होते! १९०६ मध्ये अलोइस अल्झायमर याने आपल्या एका मृत रोगिणीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पेशींबाहेरची किटणे व पेशींतील गुंतवळ दाखविली, आणि लक्षणांमागील बिघाडाकडे लक्ष गेले. किटण अमायलॉइड या प्रथिनाचे आणि गुंतवळ टाऊ या प्रथिनाची, हे पुष्कळ काळाने कळले. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचे तिसरेच प्रथिन साचते. वृद्ध मेंदूत मात्र हे बिघाड फारसे सोवळे पाळत नाहीत. दोनतीन एकत्र नांदतात, आणि जोडीला रक्तवाहिन्यांचे विकार असतात. म्हणून दोन शेजाऱ्यांची विस्मृती दिसण्यात सारखी असूनही तिची कारणे अगदी भिन्न असू शकतात. हा भेद आता केवळ पांडित्याचा राहिलेला नाही. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमायलॉइड हटविते व ऱ्हासाची गती थोडी मंद करते. ज्याच्या मेंदूत अमायलॉइडच नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

तेव्हा रोगांची वर्गवारी कारणयंत्रणेवरून करावी, हे योग्यच होय. त्यासाठी मेंदूची चुंबकीय चित्रे, रक्तातील प्रथिने, जनुके आणि स्मृतीच्या कसोट्या यांचे प्रचंड साठे संगणकाच्या हाती देण्याची पद्धत रूढ होत आहे. गुरुग्रामजवळ मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय लोकांसाठी उभारलेल्या अशा साठ्याची, ‘स्वदेश’ची, घोषणा २०२१ मध्ये केली. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु संगणक साम्य शोधतो, कारण नव्हे. त्याने पाडलेला गट खरोखर एका यंत्रणेचा आहे की नाही, याची साक्ष अखेर मृत्यूनंतर तपासलेला मेंदूच देतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत मेंदूसंग्रह आहे. परंतु एवढ्या मोठ्या देशाला तो कितीसा पुरणार?

दुसरी गोष्ट साठ्यात कोण आहे याची. रुग्णालयापर्यंत पोहोचणारा रोगी बहुधा शहरी, शिकलेला आणि खर्च सोसणारा असतो. खेड्यातील आजी घरची वाट विसरली, तर ‘वय झाले’ म्हणून तिला घरातच ठेवतात, आणि तिच्या मेंदूचा एकही आकडा कोठे नोंदला जात नाही. बल्लभगढच्या कामाचे मोल येथे कळते. अल्झायमरचा धोका वाढविणारा एक जनुकप्रकार तेथे पेन्सिल्व्हेनियातील एका खोऱ्यापेक्षा कमी लोकांत सापडला. मात्र रोगाशी असलेला त्याचा संबंध दोन्हीकडे सारखाच निघाला. परक्यांचे आकडे जसेच्या तसे उचलणे जितके चूक, तितकेच ‘आमचे सारेच निराळे’ म्हणणेही चूक, हे अशा घरोघर फिरून केलेल्या पाहणीमुळेच समजते.

आता टाऊ प्रथिन रक्तात मोजून निदान करणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. त्यांच्या मर्यादारेषा मुख्यतः पाश्चात्त्य रोग्यांवरून आखलेल्या आहेत, आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या माणसात हे प्रथिन अन्य कारणानेही वाढलेले दिसते. ज्या देशात मधुमेह व रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडे बिघडलेली माणसे इतकी आहेत, तेथे या रेषा प्रथम खेड्यांत जाऊन तपासून घ्यावयास हव्यात. नाहीतर मूत्रपिंडाच्या रोग्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसावयाचा आणि खरा रोगी घरातच राहावयाचा.