पायाखालच्या जमिनीचा कागद

घर पाहायला निघालेल्या कुटुंबाचे प्रश्न साधारणतः ठरलेले असतात. आजींना जिनमंदिर किती अंतरावर आहे ते हवे असते, कारण सकाळचा अभिषेक चुकवायचा नसतो. सूनबाईंना पाठशाळा, शाळा आणि साध्वीजींचा चातुर्मास जवळपास होतो की नाही, याची चौकशी करायची असते. कर्त्या पुरुषाच्या मनात निराळाच हिशेब चाललेला असतो. मशीद बंदरची पेढी पावणेपाचला आवरली, तर हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी मुलुंडच्या घरी ताटावर बसता येईल काय? बोरिवलीला घर घेतले, तर रात्रिभोजनत्यागासाठी डबा पेढीवरच मागवावा लागेल काय? हे सारे प्रश्न योग्यच आहेत. नवल एवढेच की, सोलापूरहून आलेली चादरींची गाठ उघडून नग मोजल्याशिवाय जो व्यापारी पावतीवर सही करत नाही, तोच व्यापारी आयुष्याची पुंजी ओतताना नमुन्याच्या सदनिकेत चहा घेता घेता टोकनचा धनादेश लिहून देतो. ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे, तिचा कागद त्याने पाहिलेला नसतो.

मुलुंडकरांना या कागदाचे मोल सांगावे लागत नाही. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगाला असलेल्या वसाहतींमध्ये शेकडो कुटुंबांनी रीतसर घरे घेतली होती. महापालिकेचे मंजूर नकाशे होते, नोंदणीकृत करार होते, बँकांनी कर्जेही दिली होती. आणि 2006 च्या सुमारास त्यांना कळले की, महसुली दप्तरात त्यांच्या पायाखालची जमीन ‘खाजगी वन’ म्हणून नोंदली गेली आहे. खाजगी वन म्हणजे सरकारच्या मालकीचे झालेले वन. याचा अर्थ, कागदोपत्री ही सारी माणसे जंगलात अतिक्रमण करून राहत होती!

हे घडले कसे, हे समजून घेण्याजोगे आहे. तत्कालीन मुंबई सरकारने 1956-57 मध्ये विक्रोळी, मुलुंड आदी भागांतील अनेक जमीनमालकांच्या नावे भारतीय वन अधिनियम, 1927 खाली नोटिसा काढल्या होत्या. झाडे तोडण्यास मनाई का करू नये, एवढाच त्यांचा विषय होता. त्यांवर पुढे अंतिम आदेश निघाले नाहीत. काही नोटिसा मालकांपर्यंत पोहोचल्याचा पुरावादेखील नव्हता. मग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम आला आणि 30 ऑगस्ट 1975 रोजी राज्यातील खाजगी वने सरकारकडे निहित झाली. या कायद्यातील ‘खाजगी वन’ या शब्दाच्या व्याख्येत अशी नोटीस काढलेल्या जमिनींचाही समावेश होता. त्यानंतर तीस वर्षे कोणी काही बोलले नाही. उलट याच जमिनींवर बांधकामाच्या परवानग्या शासनाच्याच निरनिराळ्या खात्यांनी दिल्या. पुढे एका जनहित याचिकेच्या निमित्ताने जुने दप्तर उघडले गेले आणि फेरफार नोंदी झाल्या. 24 मार्च 2008 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शासनाच्या बाजूने लागला.

त्यानंतरची जवळजवळ सहा वर्षे या घरांमध्ये कशी गेली असतील, याची कल्पना करता येते. घर राहायला होते, पण विकायला नव्हते. मुलीच्या लग्नासाठी, दुकानाच्या भांडवलासाठी ते कोणाकडे तारण ठेवावे, तर कोणती बँक जंगलाची जमीन तारण घेईल? अखेर गोदरेज आणि बॉईस कंपनीसह अनेकांच्या अपिलांवर 30 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. केवळ नोटीस काढली गेली म्हणून जमीन वन ठरत नाही, ती बजावली गेली पाहिजे. आणि दशकानुदशके निपचित पडलेल्या नोटिशीच्या आधारे लोकांची घरे हिरावता येत नाहीत, असा त्याचा आशय होता. रहिवाशांची सुटका झाली.

या प्रकरणात खरेदीदारांचा दोष जवळजवळ नव्हता. 1956 च्या राजपत्राचे पान कोणता सामान्य ग्राहक उलगडून पाहणार? मात्र आजच्या ग्राहकाला ती सबब उरलेली नाही. मुलुंड, भांडुप, कांदिवली, बोरिवली या पट्ट्यात डोंगराकडच्या बाजूला घर घेणाऱ्याने मिळकत पत्रिका आणि जेथे सातबारा उपलब्ध असेल तेथे तोही मागावा, त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा आणि वनाची नोंद कधी झाली असल्यास ती कमी केल्याचा फेरफार पाहावा. निकाल लागला म्हणजे प्रत्येक दप्तरातील नोंद आपोआप पुसली गेली, असे गृहीत धरणे व्यापाऱ्याला शोभणार नाही. बोरिवली पूर्वेला आणखी एक गोष्ट आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2016 मध्ये अधिसूचित झाले. खिडकीतून दिसणाऱ्या ज्या हिरवाईसाठी चौरस फुटामागे जादा पैसे मोजले जातात, तीच हिरवाई उद्याच्या पुनर्विकासावर मर्यादा घालू शकते.

अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर येथे हा प्रश्न जमिनीचा नसून आकाशाचा आहे. विमानतळाच्या उड्डाणमार्गामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन येते. ‘जुनी इमारत आहे, दोन वर्षांत पुनर्विकास होईल, मोठे घर मिळेल’ या दलालाच्या बोलीवर जादा किंमत देण्यापूर्वी, त्या भूखंडावर किती उंचीपर्यंत बांधता येते हे वास्तुविशारदाकडून लिहून घ्यावे. चटईक्षेत्र कागदावर कितीही मिळो, ते रचायला वर जागाच नसेल तर त्याचा उपयोग काय? महापालिकेच्या विकास आराखडा 2034 मधील त्या भूखंडाचे अभिप्रायही मागवून घेता येतात. रस्त्याची रुंदी, शाळेचे वा उद्यानाचे आरक्षण त्यात स्पष्ट दिसते.

नव्या प्रकल्पांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. 1 मे 2017 पासून महारेराची नोंदणी आली. पाचशे चौरस मीटरहून मोठा भूखंड आणि आठांहून अधिक सदनिका असतील, तर नोंदणीवाचून विक्री करता येत नाही, आणि करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तरीही महारेराचा क्रमांक म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे; माहिती मिळण्याचे ते दार आहे, आत शिरून वाचावे लागते. विशेषतः बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र कितव्या मजल्यापर्यंत आहे, हे पाहावे. ते टप्प्याटप्प्याने मिळते. प्रमाणपत्र जोत्यापर्यंतचे आणि विक्री अठराव्या मजल्याची, असे प्रसंग उपनगरांत दुर्मीळ नाहीत. तयार इमारत असेल, तर भोगवटा प्रमाणपत्रावाचून ताबा घेऊ नये. ‘सगळे राहतात, तुम्हीही राहा’ हा युक्तिवाद पाण्याची जोडणी, कर्ज आणि पुढील विक्री या तिन्ही ठिकाणी कोसळतो.

मोजमापाविषयी श्रावकांना वेगळे सांगायला नको. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येते. देताना कमी, घेताना जास्त मापणे. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या मापात जिना, लिफ्ट, सज्जा, कधी कधी जलतरण तलावही ग्राहकाच्या फुटांत मिसळला जाई. आता व्यवहार चटई क्षेत्रफळावरच व्हायला हवा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. दलाल अजूनही जुन्या मापात बोलतो. करारातील आकडा तेवढा खरा मानावा.

वाहनतळाचा प्रश्नही उपनगरातच सुटला. दहिसर पूर्वेच्या आनंदनगरमधील पांचाली सोसायटीत इमारतीखालच्या खांबांमधील 25 वाहनतळांच्या जागांवर विकासक कंपनीने हक्क सांगितला होता. सदनिकाधारकांनी त्या जागा कंपनीच्या असल्याचे लिहून दिले आहे, असे तिचे म्हणणे होते. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. खांबांमधील अशी मोकळी जागा म्हणजे स्वतंत्र सदनिका नव्हे, तो इमारतीचा सामाईक भाग आहे आणि विकासकाला ती वेगळी विकता येत नाही. म्हणून जुन्या इमारतीतील घर विकणारे गृहस्थ ‘गाडीची जागा माझ्या मालकीची, तिचे आठ लाख वेगळे’ म्हणू लागले, तर संस्थेच्या इतिवृत्तात ती जागा त्यांना कशी वाटप झाली हे आधी विचारावे.

पुनर्विक्रीच्या घरात खरी गुंतागुंत असते ती विक्रेत्याच्या घराण्याची. व्यापारी कुटुंबातील घर पुष्कळदा दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी बँकेकडे तारण असते, आणि घरातल्या बायकामाणसांनाही ते ठाऊक नसते. मूळ कागदपत्रांची साखळी, पहिल्या करारापासून आजच्या करारापर्यंत, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावी. छायाप्रतींवर विसंबू नये. सेर्साई या केंद्रीय नोंदवहीत अल्प शुल्क भरून तारणाचा शोध घेता येतो. घर अविभक्त कुटुंबाचे असेल, तर केवळ कर्त्याची सही पुरेशी समजू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने मुलीही सहदायाद झाल्या आहेत. सांगलीला दिलेल्या बहिणीची संमती ‘ती काही म्हणणार नाही’ या चार शब्दांवर सोडलेली असते, आणि दावा नेमका तिथूनच येतो. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक, हाही असाच एक रूढ गैरसमज. विक्रेत्यांपैकी एक भाऊ अँटवर्पला स्थायिक असेल, तर पन्नास लाख आणि त्यावरील व्यवहारावर एक टक्का करकपातीचा नेहमीचा नियम त्याच्या वाट्याला लागू होत नाही. कपात बरीच अधिक करावी लागते आणि ती चुकली तर जबाबदार धरला जातो खरेदीदार.

जुन्या इमारतीत शिरताना तळमजल्यावरून एक फेरी मारावी. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क येथील सिद्धीसाई ही इमारत कोसळली आणि 17 जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामाबद्दल रहिवाशांची तक्रार होती. चौथ्या मजल्यावरच्या स्वच्छ, रंगवलेल्या घराचे आयुष्य खालच्या खांबावर अवलंबून असते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्याचा अहवाल संस्थेकडे मागण्यात संकोच कसला?

आता रोखीचा विषय. ‘थोडे वरचे’ हा शब्द अजूनही बाजारात ऐकू येतो. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. परंतु नुकसान देणाऱ्याचे अधिक आहे. व्यवहार मोडला तर ती रक्कम कोणत्या न्यायाधिकरणापुढे मागणार? ताबा लांबला तर व्याज मिळेल ते करारातील आकड्यावर. पुढे घर विकताना भांडवली नफाही त्याच लहान आकड्यापासून मोजला जाईल. आणि विरुद्धराज्यातिक्रम हा अतिचार हीनाधिकमानोन्मानाच्या शेजारीच सांगितला आहे. प्रतिक्रमणात त्याचा उच्चार करणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. प्रामाणिक बचतीचा एक मार्ग मात्र खुला आहे. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले, तर मुंबईत सध्या सहाऐवजी पाच टक्के मुद्रांक शुल्क पडते. दीड कोटीच्या घरावर ही बचत दीड लाखांची होते, शिवाय घर गृहलक्ष्मीच्या नावावर होते.

अक्षय्य तृतीया जवळ आली की वर्षीतपाच्या पारण्याच्या निमंत्रणांबरोबर गृहप्रकल्पांच्या जाहिरातीही घरोघर येतात. ‘आजच टोकन द्या’ असा त्यांचा आग्रह असतो. वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल यायला साधारण पंधरवडा लागतो. तेव्हा मुहूर्ताच्या महिनाभर आधीच विक्रेत्याकडून नगर भूमापन क्रमांक मागून घ्यावा. तो देताना टाळाटाळ होऊ लागली, तर त्या दिवशी हस्तिनापूरच्या पारण्याची कथा ऐकावी, उसाचा रस घ्यावा आणि धनादेशपुस्तिका कपाटातच राहू द्यावी.