चार नको, शंभर दाणे मोजू द्या



ओल्या कापसात मटकीचे चार दाणे ठेवायचे, मोड आले की वहीत चित्र काढायचं, हा प्रयोग आपण सगळेच घेतो. मुलं टाळ्या वाजवतात, पाठ संपतो. मला वाटतं, आपण तो अर्धाच घेतो. शंभरातले किती उगवले, हा खरा प्रश्न आहे.

2019 च्या काढणीत सोयाबीन पावसात भिजलं आणि 2020 च्या खरिपात ते उगवलंच नाही, अशा हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही दुबार पेरणी काही नवी नाही. ज्या घरी ती होते, तिथल्या मुलाचं दप्तर त्या वर्षी जुनंच राहतं, हे आपण वर्गात बघतोच की.

तपासणीला खर्च काय? एक धुतलेलं गोणपाट. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठभर दाणे घ्या. मुलं हमखास टपोरे दाणे निवडतात. तेवढं करू देऊ नका! न निवडता शंभर मोजा, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी लावा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सोयाबीनची मोजणी आठव्या दिवशी. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे. मोडके, कुजके, नुसतेच फुगलेले वगळायचे.

आता शेकडेवारीचा तास इथंच घ्या. 70 दाणे उगवले तर सोयाबीन एकरी 30 किलो पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. 64 आले तर? पोरं सांगतील, 33 किलो. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही.

काही जण म्हणतात, पाण्यात टाका, तरंगेल ते वाईट. पण बुडालेला दाणा जिवंत असेलच असं नाही आणि सोयाबीनची साल इतकी पातळ की भिजवण्यानेच दाणा बिघडतो.

अडचण एकच, मे महिन्यात शाळा बंद. म्हणून सोयाबीनची तपासणी सुट्टीचा अभ्यास म्हणून घरी द्या. पालकांनी सोबत बसावं. हरभऱ्याची मात्र सप्टेंबरात शाळेतच घेता येते. त्याला प्रमाणित बियाण्याची अट 85 टक्के आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' हे वाण कित्येकांच्या घरी असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे गावरान वाण जपले आणि 2020 मध्ये पद्मश्री मिळवली, तेही याच तासाला सांगा.

मुलांच्या हातात घरचंच बियाणं द्या. विकतच्या पिशवीतल्या बियाण्याला बहुतेक वेळा औषध लावलेलं असतं. ते मोठ्यांनी तपासावं. आणि पिशवी, तिचा टॅग, बिल, मूठभर दाणे पीक हाती येईपर्यंत टाकू नका. तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.